तारा लावायला २,००० तास?

मिरजेचा माझा चुलतभाऊ, दादा, डॉक्टर आहे, त्याचं छोटं हॉस्पिटल आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं रुग्णालयीन तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाला किमान २,००० तास ठरवले, यावर तो अजून चिडलेला असतो. "ईसीजीच्या तारा लावायला २,००० तास? सिनियरच्या मागं महिनाभर फिरलं की पोरगं तयार," असं त्यानं परवा पुन्हा घरच्या ग्रुपवर लिहिलं. पुढं मला उद्देशून, "तुला काय जातंय तिकडं लेस्टरात बसून?"

जातं. मी त्याच मिरजेत असाच महिनाभर फिरून तंत्रज्ञ म्हणून तयार झालेलो. वॉर्डातल्या प्रत्येक तक्त्यावर श्वास १८ लिहिलेला असायचा, कारण मोजायला कुणी उभंच राहायचं नाही. इथं इंग्लंडमध्ये पेशंटची तब्येत गुणांत मोजायची 'न्यूज-टू' पद्धत आहे, तिच्यात श्वास मिनिटाला २५ झाला की एकदम तीन गुण, आणि नुसत्या तेवढ्यावर डॉक्टरला बोलवावं लागतं. छाती वरखाली होताना मिनिटभर बघावी लागते, ती मशीन बघत नाही.

आणि 'तारा'! उरोस्थीवरून, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावरून, बोट खाली नेलं की उंचवटा लागतो, त्याला लागून दुसरी फासळी. तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत उजवीकडं व्ही-वन ही तार, डावीकडं व्ही-टू. घाईत दोन्ही वर लागतात आणि धडधाकट माणसाच्या ईसीजीत नसलेला आजार उमटतो. पेशंट नुसता दात घासत असला तरी मॉनिटरवर व्हीटीसारख्या, म्हणजे हृदय जीवघेण्या वेगानं धडधडतंय अशा, लाटा येतात. अशा वेळी आधी पेशंटचा चेहरा बघायचा, नाडीला हात लावायचा, सॅच्युरेशनची (रक्तातल्या ऑक्सिजनची) लाट एकसारखी चाललीय का ते बघायचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असतानाही पल्स ऑक्सिमीटर गोऱ्या पेशंटपेक्षा जवळपास तिप्पट वेळा ठीक आकडा दाखवतो. मग आपल्या सावळ्या माणसाच्या बोटावर ९३ दिसलं तर किती विश्वास ठेवायचा? मशीन कधी फसवतं हे ओळखायलाच तर शिक्षण लागतं, आणि ते पेशंटजवळ, कुणीतरी शेजारी उभं राहून चूक दाखवतं तेव्हाच येतं.

दादाची एक गोष्ट मला मान्य आहे. आज जी पोरं तुटपुंज्या पगारावर रात्रपाळ्या काढतायत, त्यांना कायद्याच्या नावाखाली घरी बसवू नये. त्यांना काम करता करता शिकू द्यावं, परीक्षा घ्यावी, नोंदणी द्यावी. आणि इथलंही खरं सांगतो, ब्रिटनमध्ये माझ्यासारख्या कार्डियाक फिजिऑलॉजिस्टची (हृदयाच्या तपासण्या करणाऱ्याची) नोंदणी अजून ऐच्छिकच आहे. कायद्याच्या बाबतीत भारत पुढं गेलाय, आणि त्याचा मला इथल्या सहकाऱ्यांसमोर अभिमान वाटतो.

दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी येतात. त्यांची बोटं धरून मी फासळ्या मोजायला शिकवतो, तेव्हा हे मिरजेत करायला हवं होतं असं वाटत राहतं. दादा म्हणतो, "मग ये की." पण मुलीचं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, आहे, नोकरीत बँड सेव्हन ही वरची श्रेणी नुकतीच मिळालीय, आणि आता मिरजेत दोन आठवडे झाले की मलाच परतीचे वेध लागतात.