नुसत्या दिव्यांवर सौरसंच टिकत नाही

दुर्गम आदिवासी वस्त्यांतले छोटे उद्योग सौरऊर्जेवर उभे राहू शकतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी की सौर म्हणजे दोन दिवे आणि मोबाइल चार्जिंग; गिरणीची मोटर त्यावर फिरत नाही, बॅटऱ्या बसल्या की उद्घाटनाची पाटी तेवढी उरते, त्यापेक्षा सरळ तारा ओढाव्यात.

बॅटऱ्यांबद्दल तुमचं खरं आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली, वेळेवर पाणी घातलं नाही, तर ती काही वर्षांतच बसते. पण मग ती बदलत का नाहीत? नुसते दिवे लावणाऱ्या संचातून कुणाचीच कमाई होत नाही, त्यामुळे नव्या बॅटरीसाठी पैसे साठत नाहीत. म्हणून तर मी उद्योगांचा आग्रह धरतो.

मोटरचं मात्र मला पटत नाही. साधी इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारं उपकरण, बसवलं की ती हळूहळू वेग घेते, झटका बसत नाही. शिवाय दळण, शिलाई, सुतारकाम, पाणी उपसणं ही दिवसाची कामं. ती उन्हातच उरकली तर बॅटरी लहान पुरते, म्हणजे सगळ्यात आधी खराब होणाऱ्या भागावरचाच खर्च कमी होतो. रात्रभर चालणाऱ्या फ्रिजचं गणित वेगळं आणि अवघड, हे मान्य.

दुर्गम भागात सौरऊर्जा कामाला लावल्याची दोन उदाहरणं देतो. इक्वेडोरच्या अ‍ॅमेझॉन जंगलात अचुआर आदिवासींच्या गावांना नदी हाच रस्ता आहे. होडीचं पेट्रोल तिथे फार महाग पडतं. २०१७ साली तिथे छतावर पॅनेल बसवलेली प्रवासी होडी आली. ती चालवायचं आणि दुरुस्त करायचं प्रशिक्षण अचुआर तरुणांनाच दिलं गेलं, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कॅनडातलं ओल्ड क्रो हे गाव तर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. डिझेल विमानाने आणावं लागतं. तिथला ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला. भर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तेव्हा जनरेटरला पर्याय नाही. पण प्रकल्प तिथल्या वुंटुट ग्विचिन या आदिवासी समाजाच्या मालकीचा आहे आणि २५ वर्षांच्या कराराने ते वीज कंपनीला वीज विकतात. एरवी डिझेलपायी बाहेर जाणाऱ्या पैशातला काही भाग आता समाजाकडेच येतो.

तारांना माझा विरोध नाही, त्या जरूर याव्यात. पण जंगलातून गेलेल्या लांबलचक लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं, झाड कोसळलं की दुरुस्तीला दिवस जातात. तोवर उद्योगाने थांबून राहायचं का?

तुम्ही पाहिलेल्या बंद संचांबद्दल मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्यांच्यावर कुणाचा धंदा चालत होता का? दरमहा पैसे कोण गोळा करायचं? आणि बिघाड झाल्यावर गावात तो काढणारं कुणी होतं का? जमलं तर सविस्तर लिहा.