चुना नव्हता म्हणून नव्हे

महोदय,

सेंट किल्डा या स्कॉटलंडजवळच्या बेटसमूहावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार मुद्दे मांडलेत आणि शेवटी 'गरिबीचं बाष्कळ कौतुक' असा शेरा मारलाय. माझी चूक आधी कबूल करतो: शेवटचे 36 रहिवासी तिथलं मुख्य बेट हिर्टा सोडून गेले तो दिवस 29 ऑगस्ट 1930, माझ्याकडून 28 पडलं होतं, दुरुस्त केलंय. एवढ्यासाठी तो शेरा लागत नव्हता.

आता क्लेटबद्दलचं, म्हणजे तिथल्या दगडी खोपटांबद्दलचं, तुमचं ते वाक्य. "चुना मिळत नव्हता म्हणून क्लेटच्या भिंती फटींच्या राहिल्या, त्यात कसली अक्कल?" तुम्ही स्थापत्य अभियंता आहात हे दोनदा लिहिलंयत. आमच्या घरी तीन पिढ्या गडगे, म्हणजे बिनचुन्याच्या दगडी भिंती, घालतात, तेही एकदा नोंदवून ठेवा.

वारा अडवायचा असला तर त्या लोकांना चुना लागत नव्हता. 1830 च्या दशकातली त्यांची राहती घरं पाहा: दगडाच्या दोन भिंती आणि मधल्या पोकळीत ठासलेली माती. गाव तेच, दगड तेच; क्लेट रचताना मात्र ते मधलं भरण मुद्दाम गाळलंय. कारण क्लेट म्हणजे कोठार. भिंती वर जाताना आत झुकवत आणायच्या, माथ्यावर लांब शिळा आडव्या टाकायच्या, त्यावर गवतासकट कापलेले मातीचे ढपले रचायचे. पाऊस ढपल्यांवर अडतो, वारा भिंतीतून आरपार जातो. आत पक्षी, अंडी, धान्य, जळणाची ढेकळं. अटलांटिकातल्या त्या बेटावर उन्हाचा भरवसा नाही, म्हणून वाळवायचं काम वाऱ्याकडे. ढपला सरकला की आत गळतं, आणि तुमच्यासारखं कोणी दरजा भरायला गेलं तर माल घामेजून बुरसतो. बोंबील वलांडीवर टाकणाऱ्या कोळणीला हे शिकवावं लागत नाही. एकट्या हिर्टावर असे बाराशेहून जास्त क्लेट आहेत. चुन्याची वाट बघत कोणी इतके बांधतं का?

शिवाय बांधीव घरं तिथे आलीच की! 1860 च्या वादळानंतर, 1861-62 मध्ये, जमीनदाराने 16 नवी घरं बांधून दिली, वर जस्ताचे पत्रे. पत्रे वाऱ्याने उडाले, मग डांबरी फेल्ट घालावं लागलं. आणि राहायला ती घरं जुन्यांपेक्षा गार नि दमट. क्लेट मात्र तसेच वापरात राहिले.

पर्यटकांमुळे गाव बिघडलं का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथली माणसं आळशी होती, हा तुमचा मुद्दा. दोराला लटकून फुलमार हे समुद्रपक्षी पकडायला कड्यात उतरणाऱ्यांबद्दल हे खुर्चीत बसून लिहिलंयत, एवढंच म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. 'बाष्कळ'सुद्धा तसंच ठेवलंय.