तंजावर : भर दुपारी बृहदीश्वर नको

तंजावरच्या सहलीवरच्या एका लेखात आधी राजवाडा आणि दुपारी बाराला बृहदीश्वराचं देऊळ असा क्रम दिलाय. मे महिन्यात करून बघाच! चपला बाहेर, आतलं दगडी अंगण तापलेल्या तव्यासारखं, आणि साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद. त्यापेक्षा सकाळी सहा-साडेसहालाच देऊळ गाठा. फरशी गार असते, गर्दी तुरळक, आणि चोळ राजा राजराजाच्या त्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरावर (१०१० सालचं आहे हो ते) कोवळं ऊन येतं. मोजे जवळ असू द्या, निघेपर्यंत लागतातच.

मराठी माणसानं देवळाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली भिंत चुकवू नये. तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतलाय. अक्षरं लावत लावत वाचायला वेळ लागतो, म्हणून तो भाग ऊन चढायच्या आत उरका.

दुपार राजवाड्यातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांना द्या, निदान डोक्यावर छप्पर असतं. चारनंतर कुंभकोणमजवळचं दारासुरमचं चोळकालीन देऊळ. गंगैकोंडचोळपुरमचं लांबचं चोळ देऊळही त्याच दिवसात कोंबलंत तर बघणं कमी आणि गाडीत बसणंच जास्त होईल.