कौले परतायला दिल्लीची परवानगी लागणार नाही

पश्चिम घाटातील गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाली की घराला हात लावता येणार नाही, शेती बंद पडेल, रोजगार जाईल आणि गावावर दिल्लीचे राज्य येईल, असा मजकूर सिंधुदुर्गात मोबाईलवरून फिरतो आहे. ओळखीच्या एका काजू बागायतदाराने तो मला दाखवून विचारले, "मग पावसाआधी घराची कौलं परतू की नको?" त्यांची भीती खरी आहे; मजकूर खरा नाही.

अशी गावे संवेदनशील जाहीर करण्याच्या केंद्राच्या 31 जुलै 2024 च्या मसुद्यात बांधकामांपैकी बंदी आहे ती 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आणि मोठ्या वसाहत प्रकल्पांवर. राहत्या घराची दुरुस्ती किंवा वाढ प्रचलित कायद्यांनुसार करता येते. शेती-बागायतीचे बंदीच्या यादीत नावही नाही. त्या यादीत आहेत खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प आणि लाल वर्गातील, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, उद्योग.

रोजगाराचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही, कारण चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद झाल्यावर तेथील मजुरांना काम कोण देणार, हे सरकारने आधी सांगितले पाहिजे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. जुलै 2021 मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे खाणीत साठलेले पाणी बांध फोडून निघाले आणि लाल चिखल लोकांच्या घरांत, बागांत शिरला. हानी भरून न येणारी असेल तर पूर्ण पुराव्याची वाट न पाहता आधीच आवर घालावा, हे सावधगिरीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तामिळनाडूतील कातडी कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्धच्या वेल्लोर खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानले, ते अशाच प्रसंगांसाठी.

राहिला दिल्लीच्या राज्याचा आक्षेप. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात नेमके उलट सुचवले होते: सीमा आणि नियम ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावेत. ते बाजूला पडले, 2013 मध्ये केंद्राने त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन कार्यगटाने उपग्रहचित्रांच्या आधारे सुमारे 37 टक्के घाट संवेदनशील ठरवला, आणि 2014 ते 2024 या काळात मसुदे निघाले सहा. गावाला विचारले नाही, ही तक्रार म्हणूनच रास्त आहे. परंतु तिचे उत्तर मसुदा फेटाळणे हे नव्हे. प्रत्येक ग्रामसभेपुढे मराठी मसुदा आणि सर्व्हे नंबर दाखवणारा नकाशा ठेवावा, म्हणजे डोंगरातला कोणता झरा कोणाच्या बागेला पाणी देतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच हद्द आखताना बोलता येईल.