देवस्थानाची वेबसाइट काढताय? आधी हे वाचा

तुमचं देवस्थान गोव्यातल्या अंत्रुज महालातलं (म्हणजे फोंड्याकडचं), कुळावी, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत ती मंडळी, मुंबई-बंगळुरात पांगलेले, आणि समितीत ठराव झालाय की यंदा वेबसाइट काढायचीच. छान.

पान उघडताच आपोआप सरकणारे फोटो हवेत. अध्यक्ष शाल देताना, अध्यक्ष शाल घेताना, खजिनदार समई लावताना. देव चौथ्या फोटोत आला तरी चालेल. फोटो कॅमेऱ्यातून उतरले तसेच चढवा, आठ-आठ एमबींचे. फोटोचं वजन उतरवलं तर अध्यक्षांचंही उतरतं. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असं गूगल म्हणतं. म्हणो. बंगळुराहून निघालेला कुळावी अनमोड घाटात एका दांडीच्या नेटवर्कवर अग्रशाळेत (देवस्थानाच्या धर्मशाळेत) खोली आहे का ते शोधत असेल, तर त्याने थांबावं. देवाच्या दारी आलाय ना?

अग्रशाळेचा फोन नंबर पहिल्या पानावर मुळीच नको. बोट लावलं आणि फोन लागला, इतकं सोपं झालं तर खोलीची किंमत कोणाला राहील? तो लेटरहेडवर टाइप करा, लेटरहेड स्कॅन करा (जरा तिरकं), त्याची पीडीएफ करा आणि ‘इतर’ या सदरात ठेवा.

आरतीच्या वेळा सरकत्या ओळीत द्या. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या मानकाने ही ‘मार्की’ कधीच मोडीत काढली. ब्राउझर मात्र अजून चालवून घेतात, आपण जुने मानकरी चालवून घेतो तशी. ओळीचा वेग असा हवा की ‘सकाळची’ वाचून होईतो ‘रात्रीची’ निघून जावी.

रंग अर्थात भगव्यावर पिवळा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका फरक असावा, हा नियम ज्यांची नजर मंदावली आहे त्यांच्यासाठी आहे. त्यांनी नातवाला हाक मारावी. युनिकोडचंही (कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसावी म्हणून असलेल्या अक्षर-मानकाचं) खूळ नको, जत्रेची पत्रिका ज्या जुन्या डीटीपी फॉन्टात छापता तोच वापरा. फोनवर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल, गूगलवर देवस्थान सापडणार नाही; पण छापखान्यात उत्तम दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय.

जत्रेची तारीख गेल्या वर्षीची असू द्या.

आणि तळाशी भेटींचा आकडा हवाच: ‘आजवरचे भाविक ०००४१२’. त्यातले चारशे सचिवच असतील, सरकत्या फोटोंत आपला आला का ते बघायला आलेले.