पंप हवाय? आधी आयसीयूत जाऊन या

इन्सुलिन पंप (दिवसरात्र नळीने अंगात इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र) हवा असेल, तर शुगर ताब्यात ठेवण्याचा मूर्खपणा अजिबात करू नका. रोज चार इंजेक्शनं (वर्षाची १४६० होतात, पण मोजतंय कोण), घासाघासाला कार्बचा (कर्बोदकांचा) हिशेब, पहाटे तीनला उठून बोट टोचणं, एवढं करून एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सातवर आणलंत की मेडिक्लेमच्या खिडकीतले साहेब रिपोर्ट बघून म्हणणार, "छान चाललंय की! पंप कशाला?" आणि अकरा असेल तर, "इंजेक्शनं धड जमत नाहीत, पंप काय सांभाळणार तुम्ही?" पंप मिळण्याइतपत वाईट आणि पंप झेपण्याइतपत चांगला असा आकडा कोणता, ते साहेबांना विचारू नका. त्यांची जेवायची वेळ झालेली असते.

टाइप वन डायबेटिस म्हणजे काय, हे तर मुळीच समजावू नका. आपल्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या, असं सांगायला गेलात की पलीकडून हमखास येतं, "लहानपणी गोड फार खाल्लं असेल." पाठोपाठ जांभळाच्या बियांची पूड. ती मुकाट्याने घ्या.

आता पॉलिसीची पुस्तिका उघडा. मागच्या पानांवर, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरांत, शरीराबाहेर वापरायची उपकरणं वगळलेली सापडतील. खचू नका. सरळ कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं) होऊ द्या. जीव जाऊ शकतो, पण क्लेम पास होतो. नाशिकच्या मुंबई नाक्याकडच्या एखाद्या आयसीयूत झोपा आणि मान वळवून बघा: शेजारच्या स्टँडवर एक यंत्र तासाला मोजून, थेंबाथेंबाने तुमच्या शिरेत इन्सुलिन सोडत असेल. हाही पंपच! स्टँडला अडकवला की उपचार, कमरेच्या पट्ट्याला अडकवला की चैन. पहिल्याचं बिल कॅशलेस. बरे होऊन घरी गेलात की दुसरा तुम्ही स्वतःच्या पैशाने घ्यायचा, म्हणजे पहिल्याची वेळ पुन्हा येऊ नये. विमा कंपनीचे पैसे असे परस्पर वाचवल्याबद्दल तुम्हाला आभाराचं पत्रही येणार नाही.

स्वतःचे पैसे म्हणजे काही लाख. गंगापूर रोडच्या शोरूममधून मोटारसायकल घ्यायची म्हणालात तर चहा येईपर्यंत कर्ज मंजूर होतं; पंपासाठी मात्र आमदारांचं शिफारसपत्र, ट्रस्टला अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि चेहरा पुरेसा केविलवाणा असलेला फोटो लागतो. आमदारसाहेब कुंभमेळ्याच्या बैठकीत आहेत. थांबा. (इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं. व्यवहारज्ञान नव्हतं बिचाऱ्यांना.)

समजा, मिळाला पंप. मग दर दोन-तीन दिवसांनी नवा इन्फ्युजन सेट (सुई-नळी), नवं रिझर्व्हॉयर (इन्सुलिनची टाकी), वर साखर मोजणारा सेन्सर. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळते ती मिलीलिटरला ४० युनिटची बाटली पंपाला चालत नाही, १०० ची लागते. "इन्सुलिन ते इन्सुलिन, काय फरक पडतो?" असं दुकानदार म्हणेल. फरक अडीच पट पडतो, पण तुम्ही गिऱ्हाईक, गप्प बसा. पंपात फक्त जलद काम करणारं, आणि तितकंच लवकर ओसरणारं, इन्सुलिन असतं, त्यामुळे नळी दुमडली किंवा दाराच्या कडीत अडकून निघाली, तर काही तासांत पुन्हा तोच स्टँड. तेवढं सोडलं तर मजा आहे. मिसळीच्या दुकानात बसा, पावांचे कार्ब मोजा, बटणं दाबा. शेजारच्या टेबलावरचे काका विचारतील, "अजून पेजर वापरता?" नाही काका, डायबेटिस आहे. "आँ? मग जिलेबी कशी मागवलीत?"

अर्ज, दाखले, पत्रं यांची ती जाडजूड फाईल मात्र टाकू नका. पंपाची वॉरंटी साधारण चार वर्षांत संपते. त्या खिडकीत तोवर नवे साहेब आलेले असतील, आणि तुमचा एचबीए१सी पंपामुळे चांगला सातच्या खाली असेल. "छान चाललंय की," ते म्हणतील.