‘हृदयरोगाच्या संस्थांना देणगी देऊ नका’ या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज हातोहात फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘हृदयरोगाच्या नावाने पैसे मागणाऱ्या संस्थांना छदामही देऊ नका. पैसा पगारात आणि जाहिरातीत जातो. संशोधन सरकार आणि औषध कंपन्या करतात. देणगीतून साधलेलं एक तरी काम दाखवा. शिवाय हा आजार माणूस स्वतःच ओढवून घेतो. द्यायचंच असेल तर थेट रुग्णाच्या हातात द्या.’

मला हा मेसेज तीन जणांनी पाठवला. तिघंही मदतीला पुढे होणारी माणसं आहेत. त्यांचा हात आखडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

‘स्वतःच ओढवून घेतो’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून सुरुवात तिथून. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं, कुणाची रक्तवाहिनी चुकीच्या जागी जोडलेली असते. त्या बाळाने काय ओढवून घेतलं? दुसरा प्रकार र्‍हुमॅटिक हृदयरोगाचा. जंतूंमुळे घसा दुखतो, वेळेवर औषध मिळत नाही, मग ताप आणि सांधेदुखी येते आणि हळूहळू हृदयाच्या झडपा खराब होतात. दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब घरांतल्या मुलांना तो जास्त गाठतो. मोठ्यांमध्ये तंबाखू, रक्तदाब, मधुमेह ही कारणं आहेतच. पण आनुवंशिकताही आहे. आणि ज्याने वीस वर्षं सिगारेट ओढली, त्याच्या छातीत कळ आली तर त्यालाही उपचार मिळायलाच हवेत, असं मी मानते.

आता ‘संशोधन सरकार आणि कंपन्या करतात’ हा मुद्दा. करतात, आणि त्यांचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पण जो पैसा पुढे वसूल होईल तोच कंपनी घालणार. पेटंट कधीच संपलेल्या स्वस्त गोळीचा नवा उपयोग सिद्ध करण्यात तिला काय मिळणार? अ‍ॅस्पिरिनचंच पाहा. हृदयविकाराचा झटका आल्याबरोबर ती द्यावी की नाही, हे मोठ्या प्रमाणावर पडताळलं ते आयसिस-२ या चाचणीने. निष्कर्ष १९८८ मध्ये आले. ४१७ रुग्णालयं, १७,१८७ रुग्ण. महिनाभर रोज थोडी अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध जोडीला दिलं तेव्हा ही घट ४२ टक्क्यांपर्यंत गेली. या चाचणीला स्ट्रेप्टोकायनेज बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, तसाच ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचाही हातभार होता. ही संस्था १९६१ पासून लोकांच्या देणग्यांवर चालते.

सरकारी पैशाचंही एक आहे: धोरण बदललं की तो आटतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी करण्याचा अभ्यास सरकारी पैशाने सुरू झाला. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हृदयरोगाशी संबंध आज आपण गृहीत धरतो, तो ठामपणे पुढे आला तो या अभ्यासातून. १९७० च्या सुमारास सरकारने निधी आखडता घेतला, तेव्हा खासगी देणग्या गोळा करून तो चालू ठेवावा लागला. तिथेच थांबला असता तर मधल्या वर्षांच्या नोंदी पुन्हा कुणालाही करता आल्या नसत्या.

पगाराबद्दल. संशोधन म्हणजे मुख्यतः माणसांचं काम. रुग्णाला दर महिन्याला फोन करून ‘गोळी घेतली का, दम लागतो का’ विचारणारी परिचारिका, नोंदी तपासणारा संख्याशास्त्रज्ञ, रक्ताचे नमुने सांभाळणारा तंत्रज्ञ यांचे पगार म्हणजेच संशोधनाचा खर्च. ताळेबंदात ‘पगार’ हा शब्द दिसला की पैसा बुडाला असं वाचणं चूक आहे.

जाहिरातीचं म्हणाल, तर १९२४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन हार्ट असोसिएशन बरीच वर्षं डॉक्टरांपुरतीच होती. १९४८ मध्ये रेडिओवर एक स्पर्धा झाली. पावलांचा आवाज ऐकून चालणारा माणूस कोण ते ओळखायचं आणि उत्तरासोबत देणगी पाठवायची. त्यातून लाखो डॉलर जमले आणि संस्थेचं नाव घराघरांत पोहोचलं. त्याच वर्षी संस्थेने पहिलं संशोधन अनुदान दिलं, स्नायू कसे आकुंचन पावतात हे शोधणाऱ्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना.

खोट्या संस्था असतात, हे मात्र मान्य. नोंदणी पाहा, लेखापरीक्षण झालेला अहवाल मागा, गेल्या वर्षी कोणत्या कामाला किती दिले ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर देऊ नका.

राहिलं ‘थेट रुग्णाच्या हातात द्या’. जरूर द्या. शस्त्रक्रियेसाठी अडलेल्या आईबापांना संशोधनाचे अहवाल दाखवून काय उपयोग? १९७५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रोटरी सदस्यांनी नेमकं हेच केलं. युगांडातल्या एका लहान मुलीला आणून तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया करवली. त्यातून ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ हे काम उभं राहिलं.

पण ते तिथेच थांबले नाहीत. पुढे युगांडातच एक चाचणी झाली. इको तपासणीत (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र पाहण्याची तपासणी) र्‍हुमॅटिक हृदयरोगाच्या अगदी सुरुवातीच्या खुणा दिसलेली ५ ते १७ वयाची ८१८ मुलं त्यात घेतली. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निम्म्यांना नाही. पेनिसिलिन इतकं जुनं आणि स्वस्त, की कुठली कंपनी यासाठी पुढे येणार! पैसा आला तो धर्मादाय निधींतून, कुटुंबांच्या देणग्यांतून, मुलांच्या रुग्णालयासाठी झालेल्या धावण्याच्या उपक्रमातून आणि याच गिफ्ट ऑफ लाइफकडून. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत, इंजेक्शन न मिळालेल्या सुमारे चारशे मुलांपैकी ३३ जणांचा आजार बळावला होता. इंजेक्शन मिळालेल्या तितक्याच मुलांपैकी तिघांचा.